सातव्या खड्ड्यावरची एकोणीस मिनिटं

१

मोजणीबाई सोमवारी सकाळी साडेनऊला माझ्या खोलीत येणार होत्या. दहा वाजता फोन आला. त्या टेकडीवरच्या सातव्या खड्ड्यात मेलेल्या सापडल्या होत्या.

टेकडी म्हणजे तीस वर्षं शहराने टाकलेला कचरा. पाच वर्षांपूर्वी त्यावर जाड प्लास्टिक अंथरलं, वर माती टाकली, गवत लावलं. आत कुजणाऱ्या कचऱ्याचा गॅस बारा खड्ड्यांतल्या नळांनी ओढून त्यावर वीज तयार होऊ लागली. त्यासाठी पैसे आमच्या हरित निधीने दिले. आमचा निधी लोकांना रोखे विकतो, त्या पैशातून अशी कामं उभी करतो आणि दर वर्षी माणूस पाठवून बघतो की काम खरंच हिरवं आहे की नुसता वरून रंग दिलाय. मोजणीबाई हेच बघायच्या. बावीस वर्षं. मी तिथला तक्रार अधिकारी. निधीच्या कामामुळे कोणाला त्रास होत असेल तर त्याची चौकशी मी करायची.

शनिवारी दुपारी त्यांनी मला फोन केला होता.

"सातव्या खड्ड्याबद्दल बोलायचंय. फोनवर नको. सोमवारी येते."

"आजच या की."

"आधी एका माणसाला प्रत्यक्ष दाखवायचंय. तुमचं कोणी राहतं का हो टेकडीखाली?"

"नाही," मी म्हणालो.

टेकडीच्या पायथ्याशी चोवीस बैठ्या घरांची एक रांग आहे. आठव्या घरात माझी मुलगी, जावई आणि तीन वर्षांची नात राहतात. पण ज्याचं जवळचं माणूस कामाच्या हद्दीत राहतं त्याने त्या कामाची चौकशी करायची नाही, असा आमचा नियम आहे. तो नियम मीच लिहिला आहे. 'हो' म्हटलं असतं तर प्रकरण त्याच क्षणी माझ्या हातातून गेलं असतं, आणि दुसरा माणूस नेमायला आमच्याकडे सहा आठवडे लागतात. म्हणून 'नाही' म्हणालो.

पोलिसांनी अपघात लिहिला. बाई रविवारी सुट्टीच्या दिवशी एकट्याच खड्ड्यात उतरल्या, हवा संपली, गेल्या. त्या शिडीखाली पडलेल्या होत्या आणि एका हाताची बोटं खालच्या पायरीभोवती इतकी घट्ट होती की ती सोडवावी लागली.

दुपारी समितीकडे त्यांचा वार्षिक अहवाल आला. तारीख शनिवारची, खाली त्यांची सही. बाराही खड्डे सुरक्षित.

शनिवारी ज्या बाईला फोनवर बोलायची भीती वाटत होती, तिने शनिवारीच 'सुरक्षित' कसं लिहिलं?

२

समितीचं काम सचिवबाई बघायच्या. निधी सुरू झाला तेव्हा आम्ही चौघं होतो, त्यातल्या त्या एक. त्यांच्या टेबलावर कधी एक कागद तिरका पडलेला मी पाहिला नाही.

"वाईट झालं," त्या म्हणाल्या. "हट्टी होती. मी किती वेळा म्हटलं, एकटी जात जाऊ नकोस."

"एकट्या जायच्या?"

"जात असेल. गेली ना रविवारी."

"अहवाल कोणी आणून दिला?"

"तिनेच शनिवारी माझ्या पेटीत टाकला असणार. सकाळी मी पेटी उघडली." त्यांनी डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलला, थोडं पाणी टेबलावर सांडलं, ते डाव्याच हाताने पुसलं. उजवा हात मांडीवर होता. "शुक्रवारी नवे रोखे विक्रीला जातायत. हा अहवाल त्यांना जोडलेला आहे. तुम्ही चौकशी उघडलीत तर विक्री थांबेल, माहीत आहे ना?"

"माणूस मेलंय, बाई."

"मला ते तुमच्याकडून कळायला नको." त्यांचा आवाज चिरला. मग नेहमीसारखा झाला. "करा चौकशी. पण शुक्रवारच्या आत संपवा. तुम्ही एखादं काम वेळेत संपवलंत तर मी कचेरीभर लोकांना सुट्टी देईन."

आमच्यात ही थट्टा जुनी होती. मीही सवयीने हसलो. दाराबाहेर आल्यावर मला त्या हसण्याची लाज वाटली.

३

मंगळवारी सकाळी टेकडीवर गेलो. टेकडीचा इंजिनियर फाटकापाशी उभा होता. चाळिशीचा, दाढी वाढलेली.

"आले तक्रारसाहेब. आता माझी वाट लागणार."

"लागण्यासारखं काही केलंयस का?"

"करायला वेळ कुठे मिळतो? अर्धं वर्ष तुमच्या सचिवबाईंना उत्तरं लिहिण्यात जातं."

सातवा खड्डा घरांच्या बाजूच्या उतारावर होता. सिमेंटची चौकट, लोखंडी झाकण, आत उभी शिडी. वरून वाकून पाहिलं तर तळ दिसत नव्हता. वास कसलाच नव्हता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. तिथून आठव्या घराच्या दोरीवर वाळणारा छोटा पिवळा फ्रॉक दिसत होता.

"आत हवा कशी येते?" मी विचारलं.

"या पंख्याने. हा दांडा दाबून धरायचा, पंखा चालतो. सोडला की बंद. मुद्दाम तसा बसवलाय. एक माणूस आत असताना वरचा माणूस फोनवर बोलत भटकायला जाऊ नये म्हणून."

"दोरीने बांधून ठेवला तर?"

"दर दोन मिनिटांनी सोडून परत दाबावा लागतो, नाहीतर आपोआप बंद होतो. आमच्यात हुशार लोक फार आहेत, साहेब." त्याने हातमोजा घातला आणि दांडा दाबला. खाली घरघर सुरू झाली. "मोज्याशिवाय धरू नका. धार आहे, तळवा सोलतो."

"म्हणजे मोजणीबाई पंखा न लावताच उतरल्या?"

"तसंच असणार. एकटीने पंखा चालवून आत उतरताच येत नाही." त्याने दांडा सोडला. "पण त्या तशा उतरतील हे मला पटत नाही. मला हे सगळं त्यांनीच शिकवलंय. एकदा मी नुसतं डोकं आत घातलं तर कानाखाली मारली होती."

बाईंच्या गळ्यात हवा मोजायचं छोटं यंत्र असायचं. ते निधीच्या मालकीचं म्हणून पोलिसांनी मला परत दिलं होतं. इंजिनियरने ते त्याच्या खोलीतल्या संगणकाला जोडलं. यंत्र मिनिटामिनिटाची हवा लक्षात ठेवतं. पडद्यावर एक रेघ आली. बराच वेळ सरळ, मग कड्यावरून पडावी तशी खाली.

इंजिनियरने मिनिटं मोजली. परत मोजली. त्याचा चेहरा मातीसारखा झाला.

"खड्ड्यात उतरल्यावर एकोणीस मिनिटं हवा चांगली होती," तो हळू म्हणाला. "पंखा चालू होता."

मला समजायला एक क्षण लागला. एकोणीस मिनिटं कोणीतरी वर उभं राहून दांडा धरला होता. आणि मग सोडला होता.

४

खाली उतरताना मुलीला फोन केला.

"थोडे दिवस माझ्याकडे राहायला ये ना. छोटीलाही आण."

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. असंच."

"घर खायला उठतं ना? मला कळतं." तिचा आवाज मऊ झाला. "आई गेल्यापासून तुम्ही एकदाही बोलला नाहीत त्याबद्दल. शनिवारी येते, मग बोलू. आत्ता छोटीला बरं नाही. नुसती झोपून असते. उठवलं की म्हणते डोकं दुखतंय. डॉक्टर म्हणाले, हवा बदललीय, सगळ्यांनाच होतंय."

"खिडक्या उघड्या ठेव."

"आणि धूळ? बाबा, तुम्ही पण ना."

मी पुढे बोललो नाही. चौकशी चालू असताना बाहेर काही बोलायचं नाही, हाही नियम. शिवाय माझ्याकडे सांगण्यासारखा आकडा नव्हता. नुसती शंका होती. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, बायकोला मोठ्या दवाखान्यात हलवा. मी म्हणालो होतो, दुसरा अहवाल येऊ दे. दुसरा आला. पहिल्याशी तंतोतंत जुळला. तोवर ती गेली होती.

हे सगळं आठवत असूनही मी फोन खिशात ठेवला आणि पुढच्या माणसाला भेटायला गेलो.

५

पुढचा माणूस म्हणजे पडताळणीवाला. आमच्याकडे एकाच्या मोजणीवर विश्वास ठेवत नाहीत. बाहेरच्या कंपनीचा माणूस स्वतःचं यंत्र घेऊन वेगळ्या वेळी तेच खड्डे मोजतो आणि आकडे बंद पाकिटात मोजणीबाईंना देतो. त्याने त्यांचे पाहायचे नाहीत, त्यांनी स्वतःचे लिहून होईपर्यंत त्याचे उघडायचे नाहीत. अहवालात दोन्ही रकाने शेजारी शेजारी येतात. गंमत अशी की या पडताळणीचे पैसे टेकडी चालवणारी कंपनीच देते. त्याबद्दल मी तीनदा लेखी हरकत घेतली होती.

मंगळवारी तो भेटलाच नाही. बुधवारी दुपारी घरी गाठला. त्याने दार अर्धंच उघडलं.

"मी शुक्रवारी मोजून पाकीट दिलं. नियमाने नक्कल ठेवत नाही. संपलं माझं काम."

"रविवारी कुठे होतास?"

"भाचीच्या लग्नात. दोनशे लोकांनी पाहिलंय. हवं तर व्हिडिओ दाखवतो, नाचताना. फक्त हसू नका."

मी हसलो नाही. समितीकडचा अहवाल त्याच्यापुढे धरला.

"दुसऱ्या रकान्यातले हे आकडे तुझे आहेत?"

त्याने पाहिलं. मग दार पूर्ण उघडलं आणि मला आत घेतलं.

"हे माझे नाहीत," तो म्हणाला. "यात दोन्ही रकाने सारखेच आहेत. शेवटच्या आकड्यापर्यंत. असं कधी होतच नाही, साहेब. दोन यंत्रं, दोन वेळा, वारा वेगळा, ऊन वेगळं. थोडा फरक पडतोच. तो फरक पडावा म्हणून तर दोघं जातो."

"आणि सातव्याचा तुझा खरा आकडा?"

त्याने बायको कुठे आहे ते पाहिलं. आवाज खाली आणला. "गॅस नळात पुरता येतच नव्हता. अर्ध्याहून कमी. म्हणजे तो खालून कुठेतरी फुटून बाजूला चाललाय. मी उतारावर चालत गेलो. शेवटच्या गटाराच्या झाकणापाशी यंत्र ओरडायला लागलं. मी पळालो."

"कुठल्या गटारापाशी?"

"घरांच्या मागच्या. सात, आठ, नऊ नंबर असतील."

६

गुरुवारी सकाळी मी खोलीचं दार लावून बसलो. अहवाल समोर होता.

बाई दांडा धरणाऱ्या माणसाच्या भरवशावर उतरल्या होत्या, म्हणजे तो ओळखीचा होता. त्याच माणसाने खरा अहवाल काढून खोटा ठेवला होता. इंजिनियरला टेकडी बंद पडण्याची भीती होती. पडताळणीवाल्याला नोकरीची. पण या दोघांपैकी कोणीही खोटे आकडे लिहिले असते तर रकान्यांत थोडा थोडा फरक ठेवला असता. खऱ्या आकड्यांत फरक असतोच हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं. सारखे आकडे त्यांच्या डोळ्यांना खोटे दिसतात.

सारखे आकडे खरे वाटणारं माणूस आमच्याकडे कोण होतं?

मी इंजिनियरला फोन केला. "सचिवबाईंना तू अर्धं वर्ष कसली उत्तरं लिहितोस?"

"तुम्हाला माहीत नाही? रकान्यांत जरा फरक दिसला की लाल पेनाने 'जुळत नाही' लिहून परत. दर वर्षी. मी समजावून थकलो. त्यांना वाटतं आम्ही मोजायचा आळस करतो. मोजणीबाईंशी तर कडाक्याचं भांडण झालं होतं त्यावरून."

मी सचिवबाईंच्या खोलीत गेलो. त्या डाव्या हाताने काहीतरी लिहायचा प्रयत्न करत होत्या. अक्षर लहान मुलासारखं आलं होतं.

"उजवा हात दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात टेबलावर ठेवला आणि उलटा केला. तळव्यावर आडवा, सोललेला पट्टा होता. कडेने पिवळा पडत चाललेला.



"शनिवारी संध्याकाळी अहवाल घेऊन ती माझ्याकडे आली," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. ती म्हणाली, उद्या चला, तुमच्यासमोर मोजते. गेलो. दांडा कसा धरायचा ते दाखवलं आणि उतरली. खालून आकडे ओरडून सांगत होती. मी म्हटलं, शुक्रवार जाऊ दे. विक्री झाली की त्याच पैशातून आधी हेच दुरुस्त करू. ती म्हणाली, तोवर एखाद्या घरात कोणी शेगडी पेटवली तर? मी म्हटलं, एका टेकडीपायी आपली दोनशे कामं बुडतील. पुन्हा आपले रोखे कोण घेईल? ती म्हणाली, बुडू देत. आणि वर यायला लागली."

"मग?"

"हात फार दुखत होता." त्या तळव्याकडे बघत होत्या. "हात दुखत होता म्हणून सुटला, असं मी रोज स्वतःला सांगते. परत दाबायला दोन सेकंद लागतात. तेही मला माहीत होतं. मग अहवालात तिच्या सहीचं पान तेवढं ठेवलं, बाकीची बदलली."



"मी हे सगळं लिहिणार," मी म्हणालो. "टेकडी बंद, विक्री बंद, घरं रिकामी. आज."

"लिहा." त्यांनी डाव्या हाताने खण उघडून एक यादी काढली. "पायथ्याच्या रहिवाशांची यादी. आठ नंबरचं आडनाव तुमच्या जावयाचं आहे. चौकशीच्या पहिल्या पानावर तुम्ही 'हितसंबंध नाही' असं लिहून सही केलीय. तुमची चौकशी वाचायच्या आधीच रद्द होईल. नवा अधिकारी सहा आठवड्यांनी. कलम तुमचंच आहे." त्यांच्या आवाजात विजय नव्हता. त्या रडत होत्या. "त्या घरांना काही होणार नाही. पाच वर्षं झालं नाही. जरा थांबा ना."

७

जिना उतरताना मी इंजिनियरला फोन केला. पोलिसांना सचिवबाईंच्या खोलीत पाठव, त्यांचा तळवा बघा म्हणावं, आणि तू यंत्र घेऊन आठ नंबरला ये.

वाटेत डोकं चालू राहिलं. चौकशी करायला मी चालत नाही, हे खरं. पण तक्रार करायला चौकशी अधिकारी लागत नाही. बाधित घरातल्या माणसाने लेखी तक्रार दिली आणि सोबत मोजलेला आकडा असला, तर निधीला त्याच दिवशी काम आणि विक्री थांबवून रहिवाशांना कळवावं लागतं. हा नियम झाल्यापासून दहा वर्षांत असा कागद कोणी दिला नव्हता, कारण आकडे नेहमी आमच्याच कपाटात असायचे.

मुलीने दार उघडलं. पुसता पुसता तिचे हात तसेच राहिले. "बाबा? तुम्ही तर घामाने—"

"छोटी कुठे आहे?"

"मागच्या खोलीत झोपलीय. थांबा, अंधार आहे, दिवा लावते."

"हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडलो की ती भिंतीला टेकली. "कुठल्याही बटणाला हात लावू नकोस. शेगडी पेटलीय का?"

"नाही. आता पेटवणारच होते."

इंजिनियर माझ्यामागून आत आला. मोरीच्या जाळीजवळ त्याने यंत्र धरलं. यंत्र किंचाळायला लागलं. त्याने आकडा पाहिला आणि तो मोठ्याने वाचलाच नाही, नुसतं यंत्र माझ्याकडे वळवून दाखवलं. "बाहेर," तो म्हणाला. "सगळे बाहेर. मी शेजारच्यांना काढतो."

मागच्या खोलीची खिडकी बंद होती. छोटी कुशीवर झोपली होती. हाक मारली, हलवलं. मान सैल लागत होती. तिला उचललं आणि चालत सुटलो. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, उंबरठा, अंगण, रस्ता. ती पावलं मोजता आली नाहीत. रस्त्यापलीकडे उघड्यावर जाऊन बसलो आणि तिच्या गालावर हलकेच मारत राहिलो. एकदा. परत. परत.

शेवटी तिने तोंड वाकडं केलं, माझा हात ढकलला आणि चिडून रडायला लागली. इतकं चांगलं रडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

रांगेतली माणसं बाहेर येत होती. कोणी चप्पल न घालता, कोणी ओले हात घेऊन. इंजिनियर प्रत्येक दारावर थापा मारत पुढे जात होता. बेल वाजवू नका, बेल वाजवू नका, असं ओरडत होता.

मुलगी माझ्याशेजारी बसली. मी तिला कागद दिला, काय लिहायचं ते सांगितलं. आकडा, वेळ, घराचा नंबर. तिने पहिली ओळ लिहिली आणि थांबली.

"बाबा, तुम्हाला हे कधी कळलं?"

बुधवारी दुपारी म्हणता आलं असतं. तेव्हा पडताळणीवाल्याने गटाराचं सांगितलं होतं. तेही खोटं नव्हतं.

"शंका शनिवारी आली," मी म्हणालो. "खात्री मंगळवारी. तुला फोन केला तेव्हा."

तिने माझ्या मांडीवरून छोटीला घेतलं. स्वतःच्या खांद्यावर टाकलं. मग एका हाताने गुडघ्यावर कागद सरळ केला.

"हेही तक्रारीत लिहितेय," ती म्हणाली.

"लिही."

तिने सगळं लिहिलं. माझं नाव, माझं पद, तिच्याशी माझं नातं, आणि मंगळवार. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. आवाज एकदाही हलला नाही. मग कागद माझ्यापुढे धरला. खाली साक्षीदाराची जागा रिकामी होती. मी सही केली आणि तो घेऊन निधीच्या कचेरीकडे चालायला लागलो. बंद व्हायला अजून दीड तास होता.